गर्भारपणांतील धोक्याच्या खुणा आणि घरच्यांचें काम
(शेतकरी व कारागीर स्त्रीपुरुषांच्या मेळाव्यांत एका निवृत्त परिचारिकेनें केलेलें भाषण)



मला भाषणाची संवय नाहीं. एकतीस वर्षें मी उपकेंद्रांत परिचारिकेचें काम केलें. त्यांत बोलणें थोडें आणि चालणें फार. आज विषय गर्भार बाईच्या जिवाचा आहे. मागें बसलेले दोनचार बाप्ये 'हा बायकांचा विषय' म्हणून उठण्याच्या बेतांत दिसतात. त्यांनीं कृपा करून बसावें. गाडी कोणी आणायची, पैसे कोणी काढायचे, रक्त कोणी द्यायचें, आणि दवाखान्यांत न्यायचें कीं सकाळपर्यंत थांबायचें हें कोणी ठरवायचें? आपल्या घरांत हीं सारीं कामें पुरुषांच्या नाहीं तर सासूच्या हातांत आहेत. ज्या बाईच्या पोटांत दुखतें तिला कोणी विचारीत नाहीं. म्हणून हा विषय निम्म्याहून अधिक तुमचाच आहे.

आधीं माझी एक चूक सांगतें. १९८६ सालची गोष्ट. मी परिचारिकेच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला होतें. माझी धाकटी बहीण सासरीं गर्भार होती. पहिलीच खेप, वय एकोणीस. आठव्या महिन्यांत तिनें कोणाकडून तरी पत्र लिहवून घेतलें कीं, ताई, पाय सुजतात, बांगड्या हातांतून निघत नाहींत, डोकें फार दुखतें. मी तिला उत्तर लिहिलें, 'मीठ कमी कर, पाय उशीवर ठेवून नीज, पहिलटकरणीला असें होतेंच.' लोक जें सांगत तेंच मी सांगितलें, आणि वर शिक्षण घेणारी म्हणून माझा शब्द तिच्या घरीं प्रमाण मानला गेला. आठ दिवसांनीं ती चुलीपुढें भाकरी थापतां थापतां 'डोळ्यांपुढें काजवे चमकतात' म्हणाली आणि आडवी झाली. हातपाय ताठ, दांतखीळ, तोंडाला फेंस. शेजारपाजारच्यांनीं चप्पल हुंगवली, कांदा फोडून नाकाशीं धरला, दांतांत उलथनें घातलें; त्यानें एक दांत पडला. मग कोणी म्हणालें, तिन्हीसांजेला चिंचेखालून गेली होती, धरलें आहे तिला. देवऋषी आला, लिंबें उतरलीं. रात्रभरांत चार झटके आले. उजाडल्यावर गाडी जोडली. तालुक्याला पोंचेपर्यंत ती गेली होती आणि पोटांतलें बाळही गेलें होतें.

देवऋष्याला नांवें ठेवणें सोपें आहे. पण देवऋषी शेवटच्या रात्रीं आला. माझें पत्र त्याच्या आठ दिवस आधीं पोंचलें होतें. त्या आठ दिवसांत तिचा रक्तदाब एकदा जरी कोणी मोजला असता तर रोग पकडला गेला असता.

आतां हा रोग काय आहे तें ऐका. गर्भाला पोसणारी वार आईच्या गर्भाशयाला चिकटलेली असते. कांहीं बायकांत त्या वारेला रक्त पोंचविणाऱ्या नसा सुरुवातीलाच जशा रुंद व्हावयास पाहिजेत तशा होत नाहींत. पाट अरुंद राहिला म्हणजे वाफ्याला पाणी पोंचत नाहीं, तसेंच हें. उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तांत असे पदार्थ सोडते कीं साऱ्या अंगांतल्या नसांना इजा होते. मग रक्तदाब चढतो, मूत्रपिंडांतून प्रथिनें लघवींत उतरतात, यकृताला सूज येते, आणि शेवटीं मेंदूला बाधा होऊन झटके येतात. हें विसाव्या आठवड्यानंतर, म्हणजे पांचवा महिना भरतां भरतां, केव्हांही सुरू होऊं शकतें. वरचा आंकडा १४० किंवा खालचा ९० झाला कीं सावध व्हावें. १६० किंवा ११० झाला तर त्याच दिवशीं, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यांत जावें. मीठ तोडल्यानें हा रोग बरा होत नाहीं. नुसत्या पायांच्या सुजेवरून तो ओळखतांही येत नाहीं. पाय अनेक निरोगी बायकांचे सुजतात. पण तोंड सुजणें, कपाळ फुटल्यासारखें दुखणें, डोळ्यांपुढें अंधारी किंवा काजवे येणें, छातीच्या खालीं उजव्या कुशीला दुखणें, लघवी कमी होणें, ह्यांपैकीं एक जरी खूण दिसली तरी रक्तदाब मोजल्यावांचून झोपूं नये. आणि खुणा नसल्या तरी मोजावा; कारण कित्येकींना झटका येईपर्यंत कांहींच कळत नाहीं.

झटका आलाच तर बाईला डाव्या कुशीवर वळवा, जवळची चूल, विळी, दगड बाजूला करा, आणि तोंडांत कांहीं घालूं नका. चमचा नको, उलथनें नको, पाणी नको. चप्पल आणि कांदा ह्यांत औषध नाहीं. एकानें तिच्यापाशीं थांबावें आणि दुसऱ्यानें १०८ ला फोन लावावा. झटका थांबून ती शुद्धीवर आली, म्हणजे 'गेलें एकदाचें' म्हणून निजवून ठेवूं नये. पुढचा झटका वाटेंतच असतो.

ह्या रोगावरचें औषध शेतकऱ्याला नवें नाहीं. कपाशीचीं पानें लाल पडलीं कीं तुम्ही जें मॅग्नेशियम सल्फेट फवारतां, त्याच क्षाराचें शुद्ध केलेलें, मापून भरलेलें इंजेक्शन दवाखान्यांत असतें. (म्हणून कोणी खताची पिशवी फोडूं नये, तसें करणारा एक शहाणा मला भेटलेला आहे.) १९९५ सालीं अनेक देशांत, आपल्याही देशांत, झटके आलेल्या जवळजवळ १७०० बायकांवर पडताळा घेतला गेला. दुसऱ्या दोन औषधांपेक्षां ह्या क्षारानें पुन्हां झटका येण्याचें प्रमाण निम्म्याहून खालीं आलें. पुढें २००२ सालीं ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या पडताळ्यांत दिसलें कीं, झटका येण्याआधींच हें औषध दिलें तर शंभर जणींना येणारे झटके बेचाळिसांवर येतात. औषध स्वस्त आहे, आणि पहिली मात्रा देऊन बाईला पुढें पाठविण्याची रीत खालच्या केंद्रांसाठींही ठरलेली आहे. पण तें रोग मारीत नाहीं, वेळ मिळवून देतें. रोगाचें मूळ वारेंत आहे, म्हणून खरा उपाय बाळंतपणच. आणि तें केव्हां करावें, बाळ कच्चें असतां आणखी किती दिवस थांबतां येईल, हा हिशेब डॉक्टरानेंच करावयाचा असतो. घरीं पंचांग पाहून तो होत नाहीं. 'अमावास्या होऊन जाऊं द्या' असें म्हणून थांबलेलीं घरें मी पाहिलीं आहेत.

तुम्हांला एक विचारूं? गाय व्याली आणि उठेना, मान टाकून बसली, तर तुम्ही काय करतां? रात्रीं दोन वाजतां मोटारसायकल काढून जनावरांच्या डॉक्टराला आणतां, कॅल्शियमची बाटली शिरेंत लावतां, आणि तासाभरांत गाय उभी राहते. तें योग्यच करतां. गाय म्हणजे घराचा संसार. पण त्याच घरांत सुनेचें डोकें दुखतें तेव्हां बाम लावून 'सकाळीं बघूं' म्हणतां. मी हें रागानें बोलत नाहीं. गाय पडते ती डोळ्यांनीं दिसते, रक्तदाब दिसत नाहीं, हेंही त्याचें एक कारण आहे. दुसरें कारण तुम्हीं आपल्या मनाला विचारावें.

कॅल्शियमचा विषय निघालाच आहे तर सांगतें. ज्यांच्या खाण्यांत दूध-नाचणी कमी, त्यांना कॅल्शियमच्या गोळ्यांनीं ह्याच रोगापासून कांहीं राखण होते. चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन गोळ्या सरकारी दवाखान्यांत देतात. मात्र लोहाच्या गोळीबरोबर त्या घेऊं नयेत, एकीनें दुसरीचा गुण जातो. जिला मागच्या खेपेस हा रोग झाला होता, जिला जुळें आहे, जिला आधींच रक्तदाब किंवा मधुमेह आहे, तिनें तिसरा महिना संपतांच डॉक्टरला तसें सांगावें. अशा बायकांना अॅस्पिरिनची लहान गोळी रोज देतात, आणि ती सोळाव्या आठवड्याच्या आंत सुरू झाली तर उपयोग अधिक होतो. आपल्या मनानें मात्र ती घेऊं नये.

आतां रक्ताकडे वळतें. आपल्या बायका बाळंतपणाआधींच रक्तानें गरीब असतात. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतल्या शंभर गर्भार बायकांत जवळजवळ ४६ जणींच्या अंगांत रक्त कमी निघालें. ११ च्या खालीं हिमोग्लोबिन म्हणजे कमी, आणि ७ च्या खालीं म्हणजे जीव धोक्यांत. ज्या घरांत बाई सगळ्यांत शेवटीं जेवते आणि कोरड्यासाचें भांडें खरवडून घेते, त्या घरांत दुसरें काय होणार? लोहाची गोळी घेतल्यावर शौचाला काळें होतें, मळमळतें, म्हणून बायका गोळ्या फडताळांत कोंबून ठेवतात. काळें होणें हा दोष नव्हे. गोळी चहाबरोबर घेऊं नये. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि मळमळत असेल तर रात्रीं जेवणानंतर. गोळीनें आंकडा चढेना तर शिरेंतून लोह देतां येतें, तेंही सरकारी दवाखान्यांत मिळतें.

कारण बाळंतपणानंतर जें रक्त जातें तें आपल्या देशांत बायकांच्या मरणाचें फार मोठें कारण आहे. बाळ बाहेर आलें, पेढे वांटले, आणि आई गार पडली, असें होतें. आपल्याकडे जुनी समजूत आहे कीं, 'तें घाण रक्त, जाऊं द्यावें.' तें घाण नाहीं; तें तिच्या हृदयांतून आलेलें तेंच रक्त आहे. बाईच्या अंगांत सारें मिळून सुमारें पांच लिटर रक्त. त्यांतलें अर्धा लिटर गेलें कीं धोक्याची रेघ ओलांडली, आणि जी आधींच अशक्त आहे तिला तेवढेंही सोसत नाहीं. गर्भाशय आंवळला नाहीं तर दोन तासांत जीव जातो. बाळ येतांच ऑक्सिटोसिनचें इंजेक्शन मिळालें तर तो आंवळतो. मात्र हेंच औषध बाळ येण्याआधीं, 'कळा वाढवायला' म्हणून, घरीं कोणा भोंदू डॉक्टराकडून टोंचून घेऊं नका. त्यानें गर्भाशय फाटतो. माझ्या डोळ्यांसमोर अशी एक बाई गेली.

पातळ भिजून रक्त चटईखालीं येऊं लागलें, वार अर्ध्या तासांत पडली नाहीं, बाईला घाम सुटून ती बरळूं लागली, तर वाट पाहूं नका. २०१७ सालीं सिद्ध झालें कीं, रक्त थांबविणारें ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड तीन तासांच्या आंत दिलें तर जीव वांचतात. तीन तासांनंतर त्याचा उपयोग होत नाहीं. बाळंतपणाच्या आधीं, कळा नसतां, दुखत नसतां, अंगावर लाल रक्त दिसलें तर तेंही तितकेंच वाईट. वार खालीं असेल तर असें होतें. अशा बाईला सुईणीनें आंत हात घालून तपासूं नये. बाळाची हालचाल मंदावणें, दिवस भरण्याआधीं पाणी जाणें, ताप भरणें, ह्या खुणांनाही तोच नियम. साखरेची तपासणी गर्भारपणांत एकदा तरी व्हावी, एवढेंच येथें सांगून पुढें जातें.

सर्व बाळंतपणें दवाखान्यांतच करा असें सरकार सांगतें, तें खरें आहे. पण कोणत्या दवाखान्यांत? शहाण्या लोकांनीं बाईच्या मरणाचे तीन उशीर मोजले आहेत: घरीं ठरविण्यांत झालेला, वाटेंत झालेला, आणि दवाखान्यांत पोंचल्यावर झालेला. तिसरा उशीर आपल्या हातांत नाहीं असें आपण समजतों. तो कांहीं अंशीं आहे. जवळचा दवाखाना आणि योग्य दवाखाना हे नेहमीं एकच नसतात. जेथें रात्रीं शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नाहीं, भूल देणारा नाहीं, रक्त नाहीं, तेथें धोक्याची बाई नेऊन उतरविली तर तेथून पुन्हां पुढें पाठवितात, आणि त्यांत रात्र जाते. म्हणून सातव्या महिन्यांतच आशाताईला विचारून ठेवा कीं, आमच्या सुनेला कांहीं झालें तर सरळ कोठें न्यायचें. तिच्या रक्ताचा गट कार्डावर लिहून घ्या. रक्त देणारीं दोन माणसें आधीं सांगून ठेवा. नवरा देत असेल तर उत्तमच, रक्त दिल्यानें पुरुषाचें बळ जात नाहीं. रक्ताला जात नसते हें आपल्या लोकांना मीं वेगळें सांगावयास नको, पण रक्तपेढीच्या दारांत 'कोणाचें आहे?' म्हणून विचारणारे अजून भेटतात.

पैशाचें भय मी जाणतें. २०११ सालापासून सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधें, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेण्याआणण्याची गाडी, हें सर्व गर्भार बाईला फुकट मिळण्याचा नियम आहे. कोणी चिठ्ठी देऊन बाहेरून औषध आणावयास सांगितलें तर नियमाचें नांव काढून विचारा. हात जोडून नव्हे, पण भांडूनही नव्हे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस डॉक्टराकडून गर्भार बायकांची फुकट तपासणी होते. बाजाराचा दिवस जसा लक्षांत ठेवतां तशी ही तारीख ठेवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांबद्दल मला निराळें बोलावयाचें आहे. बीडकडचीं आणि आसपासचीं आपलीं माणसें दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात तीं उन्हाळा लागतां परत येतात. उचल जोडप्यानें घेतलेली असते. बाई बसली तर कोयता मोडतो, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यांतही ती मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढते. गांवच्या आशाताईचें लक्ष तेथें पोंचत नाहीं, आणि फडाजवळच्या केंद्रांत तिची नोंद नसते. मुकादमाशीं काय करार करायचा तें तुमच्या संघटना पाहतील. मी एवढेंच सांगतें कीं, निघतांना तिचें माता-बाल कार्ड कपड्याच्या गांठोड्यांत नव्हे, नवऱ्याच्या खिशांत ठेवा. कार्ड दाखविलें म्हणजे राज्यांतल्या कोणत्याही सरकारी केंद्रांत तिला तपासलें पाहिजे. आणि फडावर पोंचल्यावर पहिल्या आठवड्यांतच त्या गांवची आशाताई शोधा.

मुलींच्या लग्नाचेंही ह्यांतच येतें. त्याच पाहणींत महाराष्ट्रांत विशी ते चोविशीच्या शंभर बायकांत सुमारें २२ जणींचें लग्न अठराच्या आंत झालेलें निघालें. कोंवळ्या वयांतल्या पहिल्या खेपेला झटक्यांचा धोका अधिक असतो. सुतारांच्या घरांत जन्मलेल्या रखमाबाईंनीं लहानपणीं लावलेलें लग्न मानण्यास नकार दिला, कोर्टाला तोंड दिलें, विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, आणि १८९४ सालीं परत येऊन पुढें कित्येक वर्षें सुरतेस बायकांचीं बाळंतपणें केलीं. आणि जोतिराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८६३ सालीं पुण्यांत, ज्या विधवांना कोणी दारांत उभें करीत नव्हतें त्यांचीं बाळंतपणें आपल्या घरीं होऊं दिलीं. तेथें जन्मलेला यशवंत त्यांनीं मुलगा म्हणून घेतला आणि त्याला डॉक्टर केला. जोतिरावांनीं हा बायकांचा विषय मानला नव्हता, एवढेंच मागच्या बाप्यांना सांगावेंसें वाटतें.

एक चांगली हकीकतही सांगतें, नाहीं तर तुम्ही म्हणाल बाई नुसती भिवविते. पोळ्याच्या आदल्या दिवशीं एका कुंभाराची सून उपकेंद्रांत आली, तीही लोहाच्या गोळ्या घ्यायला. मी हात धरून बसविली आणि रक्तदाब मोजला: १७० वर ११०. लघवींत प्रथिनें. तिला कांहींच होत नव्हतें, जरा डोकें जड. सासू म्हणाली, 'उद्यां सण आहे, परवां जाऊं.' मी त्या माउलीला खोटें बोललें नाहीं. माझ्या बहिणीची गोष्ट सांगितली, पत्रासकट. ती उठली, पदर खोंचला, आणि मुलाला हांक मारली, 'बैल राहूं दे, गाडी आण.' मी इंजेक्शन दिलें आणि गाडींत बरोबर बसलें. दुसऱ्या दिवशीं जिल्ह्याच्या दवाखान्यांत पोट उघडून बाळ काढलें. पावणेदोन किलोची मुलगी, पस्तीस आठवड्यांची. बाळंतिणीचा रक्तदाब तिसऱ्या दिवशीं पुन्हां चढला, तेव्हां ती दवाखान्यांतच होती म्हणून निभावलें. हेंही लक्षांत ठेवा: बाळंतपणानंतरही झटके येतात, बहुधा पहिल्या दोन दिवसांत, कधीं कधीं आठवड्यांनंतरही. सटवाई पुजण्याच्या घाईनें बाईला दुसऱ्या दिवशीं घरीं आणूं नका. आणि जिला हा रोग झाला तिला पुढें उतारवयांत रक्तदाब व हृदयविकार लवकर गांठतो, म्हणून तिनें दर वर्षीं एकदा तपासून घ्यावें. ती मुलगी आतां नववींत आहे.

२००१ ते २००३ च्या सुमारास महाराष्ट्रांत एक लाख जिवंत जन्मांमागें १४९ आया मरत होत्या. २०१८ ते २०२० मध्यें तो आंकडा ३३ वर आला. साऱ्या देशाचा तेव्हां ९७ होता. हें झालें तें आशाताई, परिचारिका, गाड्या, औषधें आणि तुमच्यासारखीं घरें ह्यांनीं मिळून केलें. उरलेल्या तेहतिसांत कोणाच्या तरी बहिणी आहेत.

माझें बोलणें लांबलें. ओसरीवर रक्तदाब मोजण्याचें यंत्र मांडून ठेवलें आहे, आणि आशाताई लघवी तपासण्याच्या पट्ट्या घेऊन बसल्या आहेत. ज्या लेकीसुना गर्भार आहेत त्यांनीं, आणि ज्या दीड महिन्याच्या आंतल्या बाळंतिणी आहेत त्यांनीं, चहा घेण्याआधीं तेथें यावें. सासवांनीं बरोबर यावें. नवरे आले असतील तर त्यांनीं आपल्या बायकोचा आंकडा स्वतः विचारून घ्यावा आणि कार्डावर लिहिला कीं नाहीं तें पाहावें.